डोंगरउतारावर सपाट स्लॅबचं घर बांधायचंय? आधी एक पावसाळा जागेवर काढा

आमची जागा दापोलीपासून अर्ध्या तासावर, वरकस जमीन, रस्ता वरच्या अंगाला, खाली पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, आणि मधे सगळा उतार. आजोबांनी तिथे घर बांधलं नाही, खाली वाडीत बांधलं. आम्ही बांधलं, आणि तेही कौलारू नाही, सपाट स्लॅबचं. आता त्याला पाच पावसाळे झाले, स्लॅब गळत नाही आणि मागची भिंत जागची हलली नाही, पण पहिल्या वर्षी जे चुकलं ते फार महागात गेलं. हल्ली खूप जण गावच्या जमिनीत घर बांधायला निघालेत आणि तीच चूक करताना दिसतायत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी हे सांगतो की उतारावर सपाट छप्पर का. कोकणात सपाट स्लॅब म्हटलं की लोक म्हणतात गळणारच, दोन वर्षांत वर पत्रा टाकशील. नीट केला नाही तर खरंच गळतो, ते पुढे येईलच. पण डोंगरात सपाट जागाच नसते हो! खळं करायचं म्हटलं तर डोंगर कापावा लागतो. आमचा स्लॅब वरच्या रस्त्यापासून जेमतेम दोन पायऱ्या खाली आहे, तोच आमचं खळं. एप्रिल-मेमध्ये आमसुलं, फणसपोळी, कुळीथ सगळं तिथेच वाळतं, आणि वरच्या घराचा समुद्राकडचा देखावाही अडत नाही. त्यामुळे माझं मत पक्कं आहे, रस्ता वर आणि प्लॉट खाली असेल तर सपाट स्लॅबसारखं दुसरं काही नाही.

१. उतार मोजा, नुसत्या नजरेवर जाऊ नका

नजर फसवते. पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, दोन माणसं दोन बांबू घेऊन उभी करा, आडवं अंतर आणि पाण्याच्या रेषेपासून खाली किती पडलं ते लिहीत जा, प्लॉटच्या वरून खालपर्यंत तीन-चार रेषा घ्या. आडवं ५ मीटर गेल्यावर १ मीटर खाली गेलं तर तो १:५ चा उतार, म्हणजे साधारण ११ अंश. आकडा छोटा वाटतो पण आमचा प्लॉट सरासरी १:६ चा आणि २४ मीटर खोल, म्हणजे वरच्या आणि खालच्या हद्दीत ४ मीटरचा फरक, एक आख्खा मजला आणि वर थोडं. नंतर सर्व्हेअरकडून कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, करून घ्याच, अर्ध्या मीटरच्या अंतराने, कारण आर्किटेक्टला तोच लागतो.

हे मोजमाप कायद्यासाठीही लागतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उताराच्या जागेवर बांधकामाला मनाई आहे. जमीन विकणारा सांगेल की इथे सगळे बांधतात, ऐकू नका. व्यवहाराच्या आधी नगररचना कार्यालयात जाऊन तुमच्या गट नंबरचा झोन काढा, गाव इको-सेन्सिटिव्ह यादीत आहे का विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. प्लॉटचा काही भाग तीव्र आणि काही मंद असेल तर घर मंद भागात बसवा आणि तीव्र भाग झाडांना सोडा, तिथे काहीही कापू नका.

२. एक पूर्ण पावसाळा जागा बघा

ही पायरी सगळे गाळतात कारण घाई असते. आम्हीही गाळली.

जुलैमध्ये, जोराची सर चालू असताना, छत्री विसरा, इरलं नाहीतर रेनकोट घाला आणि प्लॉटवर चाला. जिथून पाणी वाहतंय तिथे बांबूची खुंटी मारून वर लाल चिंधी बांधा. जिथे जमिनीतून पाणी वर येतंय, पायाखाली जमीन मऊ लागतेय, तिथे वेगळ्या रंगाची चिंधी. पाऊस थांबल्यावर चार-पाच तासांनी परत जा, कुठलं पाणी आटलं आणि कुठलं अजून झिरपतंय ते बघा, कारण झिरपणारं पाणी आतून येतं आणि खरा त्रास त्याचाच. मग डिसेंबरात एकदा जा. सगळं गवत पिवळं पडलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार दिसला तर त्याच्या खाली ओल आहे, त्यावर घर नको.

झाडं बघा. खोड बुंध्याशी उताराकडे वाकलेलं आणि वर परत सरळ गेलेलं अशी झाडं ओळीने असतील तर तिथली माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकतेय. वर डोंगराला भेगा आहेत का, जुनी दरड पडल्याची उघडी जागा आहे का, तेही चढून बघा, तुमच्या हद्दीच्या बाहेर असलं तरी बघा, दरड सातबारा बघून येत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या भूकोश पोर्टलवर दरडप्रवण भागांचे नकाशे बघायला मिळतात, ते १:५०,००० स्केलचे आहेत म्हणजे तुमचा प्लॉट त्यात ठिपक्याएवढा, पण आख्खी डोंगररांग कुठल्या रंगात आहे ते कळतं.

माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र. तिन्ही दरडी जुलैतल्या, आणि तिन्ही वेळा जोराच्या पावसाने पाणी प्यालेली डोंगराची माती खाली आली. ह्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे होत्या, त्यामुळे आमच्याकडे आजवर कधी झालं नाही ह्या वाक्यावर घर बांधू नका.

आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. आम्ही पोकलेन आणून वरच्या बाजूचा एक जुना, गवताने भरलेला खळगा सपाट करून टाकला, पार्किंगला बरं म्हणून. जूनमध्ये वरचं सगळं पाणी थेट आमच्या खोदाईत आलं, आणि कापलेली माती जी खाली ढकलली होती ती वाहून शेजारच्या काकींच्या आगरात गेली, पोफळींच्या बुंध्यांशी गुडघाभर गाळ. काकी ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अरे बाळा, तिथे आमचे मामंजी दर वर्षी मिरगाआधी चर काढायचे. तू तोच बुजवलास." तो खळगा म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा चर होता. गाळ आम्ही काढून दिला, पण ज्या पोफळी गेल्या त्या गेल्या.

३. माती तपासा, जांभ्यावर आंधळा विश्वास नको

कोकणात सगळे म्हणतात खाली कातळ आहे, काय चिंता नाही. वरचा जांभा कडक असतो हे खरं, पण खूप ठिकाणी तो कडक थर मीटर-दोन मीटरचाच असतो आणि त्याच्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी लागणारी मऊ माती असते. कोरडी असताना ती बरी उभी राहते, भिजली की ताकद सोडते. पाया वरच्या पातळ थरावर ठेवला आणि खालची माती भिजली की काय होईल ते सांगायला नको. घाटमाथ्यावर काळा पाषाण आणि त्यावर मुरूम-माती असते, तिथे मातीचा थर पाषाणावरून घसरायची भीती.

म्हणून किमान तीन ठिकाणी, वर, मधे, खाली, बोअर किंवा खोल खड्डे घेऊन जिओटेक रिपोर्ट, म्हणजे माती-खडकाच्या तपासणीचा अहवाल, करा. घराच्या खर्चात हा आकडा किरकोळ आहे. आणि रिपोर्ट देणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा: पाया किती खोल, आणि पूर्ण भिजलेल्या अवस्थेत हा उतार स्थिर आहे का. दुसरा प्रश्न विचारला नाही तर बऱ्याचदा त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतंच.

४. डिझाइन: डोंगर कापू नका, घराला पायऱ्या करा

कॉन्ट्रॅक्टरला सगळ्यात सोपं काय असतं, तर एका दमात वरून कापायचं, ती माती खालच्या बाजूला पसरायची आणि झाला सपाट प्लॉट. अर्धं घर कापलेल्या कडक जमिनीवर आणि अर्धं सैल भरावावर, मग भरावाची बाजू बसते आणि घर मधोमध तडकतं. पाया नेहमी मूळ जमिनीत, भरावात कधीच नाही.

आमचं घर दोन पातळ्यांवर आहे. रस्त्याकडून स्लॅबवर उतरायचं, तिथून जिन्याने वरच्या पातळीवर बैठक आणि स्वयंपाकघर, अर्धा मजला खाली झोपायच्या खोल्या. कापणी कुठेही दीड मीटरच्या वर नाही. एकच सपाट मजला केला असता तर मागे तीन-साडेतीन मीटर कापावं लागलं असतं.

इंजिनिअरशी बोलताना ह्या गोष्टी नावानिशी काढा. उतारावरच्या फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची, खालची कड उताराच्या पृष्ठभागापासून आडवी किमान ९० सेंमी आत हवी, खडक असेल तर ६० सेंमी. शेजारच्या दोन फुटिंगच्या पातळीत फरक असेल तर त्यांच्या खालच्या कडा जोडणारी रेषा १ उभं २ आडवं ह्यापेक्षा तीव्र नको, नाहीतर वरच्या फुटिंगचा भार खालच्याच्या अंगावर येतो.

आणि आखूड कॉलम. हे मला आधी कळतच नव्हतं, इंजिनिअरने वहीवर काढून दाखवलं तेव्हा कळलं. एकाच स्लॅबखाली वरच्या बाजूचे कॉलम १.५ मीटरचे आणि खालच्या बाजूचे ३ मीटरचे असले तर भूकंपात स्लॅब सगळ्यांना सारखंच ढकलतो, पण निम्म्या उंचीचा कॉलम आठपट ताठ असतो, तो वाकत नाही, आणि जवळजवळ सगळा धक्का त्याच्यावर येऊन तोच आधी तुटतो. बघणाऱ्याला भीती उंच कॉलमची वाटते, मोडतो मात्र आखूड. त्यासाठी खालच्या उंच कॉलमना मधे टाय बीम, म्हणजे एकमेकांना जोडणारे आडवे बीम, आणि आखूड कॉलमना पूर्ण उंचीभर जवळजवळ सळीच्या रिंगा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्याच भागातला, तेव्हा आपल्याकडे भूकंप होत नाही असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडून ड्रॉइंग घेऊ नका.

समुद्राचा वारा लागत असेल तर काँक्रीट एम ३० ताकदीचं आणि सळीवरचं कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर, इंजिनिअर सांगेल तितकं पूर्ण. कव्हर ब्लॉक जागेवर बनवलेले चुऱ्याचे नकोत. पाच वर्षांनी स्लॅबचा पापुद्रा सुटून गंजलेली सळी दिसते ना, ती इथेच ठरलेली असते.

५. घराआधी चर आणि भिंत

पाया आखायच्याही आधी वरच्या हद्दीलगत चर. आमचा तळाला दीड फूट, वर अडीच फूट, दगड-सिमेंटने बांधलेला, आणि दोन्ही बाजूंनी प्लॉटला वळसा घालून खाली पऱ्यात जातो. खाली उतरताना त्याला पायऱ्या केल्यात, नाहीतर पाणी वेगाने जाऊन शेवटी मोठा खड्डा पाडतं. काकींचे मामंजी जिथून काढायचे तिथूनच तो काढलाय.

रिटेनिंग वॉलबद्दल, म्हणजे डोंगराची माती अडवणाऱ्या भिंतीबद्दल, एकच गोष्ट मनात घट्ट बसवा, भिंत मातीने कमी आणि पाण्याने जास्त पडते. ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण साडेचार टन रेटा नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीमागे किमान एक फूट जाड खडी, खडी आणि मातीच्या मधे जिओटेक्स्टाइल कापड म्हणजे खडी गाळाने भरणार नाही, तळाला छिद्रांचा पाइप, आणि भिंतीत ३ ते ४ इंची वीपहोल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, एकमेकांपासून दीड मीटरच्या आत, वरच्या ओळीतली खालच्या ओळीच्या मधोमध येतील अशी. वीपहोलला बाहेरच्या बाजूला उतार द्या. आमच्याकडे काम करणाऱ्याने पहिल्या ओळीचे पाइप आतल्या बाजूला उतरते बसवले होते, बाटलीने पाणी ओतून बघितलं म्हणून सापडलं, ती सगळी ओळ काढून परत करून घेतली. तुम्हीही प्रत्येक पाइपात पाणी ओता.

कापणी एका दमात नको. तीन-चार मीटरचा एक तुकडा कापा, भिंत बांधा, मग एक सोडून पुढचा. उंची मोठी असेल तर एक उंच भिंत करण्यापेक्षा दोन बुटक्या, मधे टप्पा. जागा असेल तर तारेच्या जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, मला जास्त आवडतात, पाणी आपोआप निघून जातं आणि थोडं बसलं तरी तुटत नाही. चिऱ्याचा नुसता रचलेला गडगा कमरेएवढ्या उंचीला ठीक, घर त्याच्या भरवशावर नको.

घराची मागची भिंत आणि रिटेनिंग वॉल एकच करू नका. मधे किमान ३ फुटांचा बोळ सोडा, त्याला फरशी आणि गटार. एकच भिंत केली की मागच्या खोल्या ओल धरतात आणि मग कितीही केमिकल मारा, ओल बाहेरून येतेय, ती आतून थांबत नाही.

६. वेळापत्रक

दसऱ्यानंतर खोदाई, मार्चपर्यंत चर, भिंत, पाया, एप्रिलमध्ये स्लॅब, मेच्या मध्यापर्यंत वॉटरप्रूफिंग. एवढं बसत नसेल तर त्या वर्षी फक्त चर आणि भिंत करा आणि घर पुढच्या वर्षी. उघडी कापणी मिरगाच्या तोंडावर ठेवू नका. आणि रस्त्याच्या वळणांवरून १२ मीटरची सळी आणि ट्रान्झिट मिक्सर वर येतो का ते आधीच बघा, येत नसेल तर खडी-वाळूची डोक्यावरची वाहतूक धरूनच रेट ठरवा.

७. स्लॅब: इथे घाई केली की पत्रा ठरलेला

आधी पाण्याचा हिशोब. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर तासाला १०० मिमी पाऊस झाला तर तासात १०,००० लिटर. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी नोंदला गेला, तेवढा ह्या स्लॅबवर पडला तर दिवसात जवळपास ६०,००० लिटर. हे पाणी क्षणभरही उभं राहता कामा नये. पुस्तकी हिशोबाने ४ इंची पाइप साधारण ४० चौरस मीटरला पुरतो, पण आमच्याकडे वर आंबा आहे, पाला येतो, म्हणून आम्ही २५ चौरस मीटरला एक धरला, चार पाइप. प्रत्येकाच्या तोंडाला घुमटासारखी जाळी, सपाट जाळी एका पानाने बंद होते. शिवाय पॅरापेटमध्ये, म्हणजे स्लॅबच्या कठड्यात, तयार पातळीच्या दोन इंच वर दोन मोठी भोकं, पाइप तुंबलेच तर पाणी तिथून बाहेर पडतं आणि जिन्याच्या दारातून घरात येत नाही. जिन्याचा उंबरठा किमान सहा इंच वर.

उतार स्लॅबमध्येच द्या, जमेल तितका. १:१०० सगळे देतात, आम्ही १:८० दिला, म्हणजे ८ मीटरला १० सेंमी, चालताना कळतही नाही. सगळ्या पाइपांची तोंडं दरीच्या बाजूला, मागच्या भिंतीकडे एकही नाही, आणि पाइपाचं पाणी उघड्यावर सोडायचं नाही, थेट बांधलेल्या गटारात. स्लॅबचं पाणी पायाशी ओतणं म्हणजे मघाशी केलेला सगळा चर फुकट.

काँक्रीट टाकल्यावर वाफे करून पाणी भरून ठेवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १०, आम्ही १४ ठेवलं. टेकू काढायची घाई नको, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्यावर १४, मिश्र सिमेंट असेल तर इंजिनिअर म्हणेल तेवढे आणखी.

वॉटरप्रूफिंगला आम्ही ब्रिकबॅट कोबा केला. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून, पाइपांच्या कडा आधी ग्राउटने बंद करून, वर वॉटरप्रूफिंग पावडर घातलेल्या सिमेंटचा घोळ, मग पाण्यात भिजवलेले पक्क्या विटांचे तुकडे उभे लावून सांधे मालाने भरले. कोरडी वीट लावू देऊ नका, ती मालातलं पाणी पिते आणि सांधा भुसभुशीत होतो. पॅरापेटच्या कोपऱ्याला गोलसर वाटा, म्हणजे मालाची गोलाई, एक फूट वर चढवलेली, कारण गळती मधून फारशी होत नाही, कोपऱ्यातून होते. वरून पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, त्याने उन्हाळ्यात खालची खोली चांगलीच निवते. कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर जातं, ते इंजिनिअरच्या हिशोबात आहे ना हे स्लॅब टाकायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

मग पाइपांना बोळे लावून दोन इंच पाणी भरा आणि तीन दिवस ठेवा. कोब्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आमच्या गवंडी काकांनी पाणी भरल्यावर खालून छतावर खडूने चौकोन आखले आणि रोज सकाळी हात फिरवत गेले, तिसऱ्या दिवशी एका पाइपाशेजारी तळहाताएवढा गारवा लागला, दिसायला काहीच नव्हतं. तेवढाच भाग उघडून परत केला. पाच वर्षं छत कोरडं आहे ते त्या हातामुळे.

८. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा

घराच्या खाली, रिटेनिंग वॉलपासून लांब. भिंतीच्या वर किंवा मागे शोषखड्डा केला तर तुम्ही स्वतःच्या हाताने वर्षभर डोंगर भिजवताय. विहीर खाली असेल तर जागा खूप विचार करून ठरवा, जांभ्यातून पाणी फार लवकर उतरतं.

९. राहायला गेल्यावर

उघड्या उतारावर पहिल्याच पावसाच्या सुरुवातीला वाळा लावा, आडव्या ओळींनी, दाट. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. उताराच्या कडेला बाग म्हणून रोज पाणी घालायची झाडं लावू नका.

दर वर्षी मेच्या शेवटी चर साफ, वीपहोलमध्ये सळी घालून बघणं, जाळ्या काढून धुणं. भिंतीला किंवा घराला तडा दिसला तर त्याच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारा आणि तारीख लिहा. पट्टी अखंड राहिली तर तडा जुना, पट्टी तुटली तर काहीतरी हलतंय, इंजिनिअरला बोलवा.

आणि पावसाळ्यात ह्यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही: पऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा भर पावसात एकदम कमी झालं, जिथे कधी नव्हता तिथे झरा फुटला, काल लागणारं दार आज चौकटीत अडकतंय, जमिनीत नवी भेग, खांब किंवा झाडं कललीत, वरून दगड गडगडल्याचा आवाज. रात्र असली तरी घरातल्या सगळ्यांना घेऊन आडवं निघा, उताराच्या खाली नाही आणि पऱ्याच्या काठानेही नाही, बाजूच्या सड्याकडे, म्हणजे सपाट कातळाकडे. आमच्याकडे दाराशी एका पिशवीत बॅटरी, कागदपत्रं आणि आईची औषधं जून ते सप्टेंबर भरलेली असतात, आणि खाली काकींना फोन कोणी करायचा हेही ठरलेलं आहे.